बायरॅकचे ‘बिग’ अनुदान: पहिल्या अर्जापासून खाते बंद होईपर्यंत

24 ऑक्टोबर 2024 रोजी आमच्या प्रकल्पाचे समाप्तीपत्र आले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये हाती घेतलेले एक काम हातावेगळे झाले. मधल्या काळात अनेक तरुण उद्योजकांनी मला फोन करून ‘अनुदान मिळवायचे कसे’ हे विचारले. मंजुरीनंतर काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. माझा अनुभव असा की अर्ज लिहिण्याचे कष्ट काही आठवड्यांचे असतात, आणि त्या अर्जात आपण कामाचे जे टप्पे लिहून देतो, त्यांच्याबरोबर पुढची दोन वर्षे राहावे लागते. म्हणून हे सगळे तारखांसह लिहीत आहे.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये बायरॅक ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’, म्हणजे सगळे जिला ‘बिग’ म्हणतात ती योजना सुरू झाली. नवउद्योजकाच्या कल्पनेची शक्यता सिद्ध करण्यासाठी जास्तीत जास्त 50 लाख रुपये आणि जास्तीत जास्त 18 महिने मिळतात. हे अनुदान आहे, सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. मी अर्ज केला तेव्हा वर्षातून दोनदा, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला, अर्ज खुले होत आणि साधारण दीड महिना खुले राहत. योजनेची अंमलबजावणी भागीदार संस्थांमार्फत होते, उदाहरणार्थ पुण्याचे व्हेंचर सेंटर, बंगळुरूचे सी-कॅम्प, हैदराबादचे आयकेपी नॉलेज पार्क. अर्ज भरतानाच आपली भागीदार संस्था निवडावी लागते. अंतर आणि विषय दोन्ही पाहून ही निवड करावी, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार आणि कामाची पाहणी तिच्यामार्फतच होते.

आमची कंपनी दोघांची. मी इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता आणि माझा भागीदार पशुवैद्य. दुभत्या गाईला होणारा कासदाह, ज्याला गोठ्यावर ‘दगडी’ म्हणतात, तो उघड दिसण्याच्या बराच आधी सुप्त अवस्थेत असतो. कास सुजलेली नसते, दूध दिसायला चांगले असते, पण एखाद्या सडाचे दूध हळूहळू कमी होत जाते. अशा वेळी दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतात आणि दुधाची विद्युतवाहकता वाढते. चारही सडांच्या पहिल्या धारा वेगवेगळ्या मोजून, त्याच गाईच्या आधीच्या नोंदींशी ताडून, धार काढणाऱ्याला तिथल्या तिथे इशारा देणारे हातात मावणारे यंत्र बनवायचे, ही आमची कल्पना. 2020च्या अखेरीस आमच्याकडे एक कच्चा नमुना होता आणि स्वतःच्या बचतीतून झालेला सुमारे 3 लाख 40 हजारांचा खर्च.

पहिला अर्ज आम्ही फेब्रुवारी 2021 मध्ये, मुदत संपण्याच्या आदल्या रात्री भरला. संकेतस्थळावर प्रत्येक रकान्याला शब्दमर्यादा होती आणि आमचा मजकूर दुप्पट लांब होता. मध्यरात्री कापाकापी करताना सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद, म्हणजे बाजारात आधीच असलेल्या यंत्रांपेक्षा आमच्यात वेगळे काय, हाच आम्ही चार ओळींवर आणला. मे महिन्यात नकार आला. त्यासोबतच्या शेऱ्यात लिहिले होते की वाहकता मोजणारी हातयंत्रे आधीच उपलब्ध आहेत आणि अर्जातून नावीन्य स्पष्ट होत नाही. दोन दिवस मला फार वाईट वाटले. पण तिसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा वाचला तेव्हा परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते हे मान्य करावे लागले. जे आम्हाला ठाऊक होते ते आम्ही लिहिलेच नव्हते. नकारासोबत शेरे आले असतील तर ते जपून ठेवावेत. आमचा दुसरा अर्ज शेऱ्याच्या त्या सहा ओळींना दिलेले उत्तरच होता.

दुसऱ्या अर्जाआधी आम्ही दोन कामे उरकली. पहिले म्हणजे स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची, मान्यता आणि लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी. दोन्ही ऑनलाइन आणि विनाशुल्क होतात, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. दुसरे, पेटंटचा तात्पुरता अर्ज. इलेक्ट्रोडवर दुधातला स्निग्धांश साचतो आणि मोजमाप चुकत जाते. तो परिणाम वजा करण्याची आमची जी रीत होती ती अनुदानाच्या अर्जात उघड करण्याआधी सुरक्षित करणे आवश्यक होते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जासाठी सरकारी शुल्क 1,600 रुपये पडते. आमचा खरा खर्च होता तो वकिलांच्या 22 हजारांचा. तात्पुरत्या अर्जानंतर 12 महिन्यांच्या आत संपूर्ण तपशिलांचा अर्ज द्यावा लागतो, ही तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकून ठेवावी.

मग टप्पे लिहायला बसलो. पहिल्या अर्जात आम्ही ‘200 गाईंवर चाचणी करून 90 टक्के अचूकता सिद्ध करणे’ असे लिहिले होते. एका अनुभवी उद्योजकाने ते वाचून विचारले, ‘‘89 टक्के आली तर तुम्ही काय करणार?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. तो आकडा आम्ही केवळ छान दिसतो म्हणून घातला होता. नवीन मसुद्यात टप्पा असा झाला: किमान 150 गाई, चारही सडांचे स्वतंत्र नमुने, म्हणजे 600 नमुने, प्रत्येकाची प्रयोगशाळेतील दैहिक पेशींच्या (कासेत दाह असला की दुधात वाढणाऱ्या पेशींच्या) मोजणीशी तुलना, आणि निकाल काहीही आला तरी त्याचा सविस्तर अहवाल. निसर्गाने काय करावे हे त्यात नव्हते, आम्ही काय करणार हे होते. परंतु त्याच वाक्यात मी एक शब्द घातला, ‘सलग’: नमुने ‘सलग तीन महिने’ घ्यायचे. शास्त्रीयदृष्ट्या तो योग्यच होता, कारण गाईची आधीची नोंद हाच आमच्या यंत्राचा पाया. तो लिहिताना मला काहीही खटकले नाही.

6 ऑगस्ट 2021 रोजी, मुदतीच्या आठवडाभर आधी, अर्ज गेला. नोव्हेंबरमध्ये तज्ज्ञ समितीपुढे व्हिडिओवरून सादरीकरण झाले, जानेवारी 2022 मध्ये निवड समितीपुढे दुसरे. दोन्ही वेळा बोलायला मिळालेली वेळ थोडी होती आणि प्रश्नांना दिलेली जास्त. एका सदस्यांनी विचारलेला प्रश्न अजून लक्षात आहे. शेतकऱ्याकडे सीएमटीची पट्टी असताना, म्हणजे चार खणांच्या थाळीत दूध आणि द्रावण मिसळून ते घट्ट होते का हे पाहण्याची स्वस्त पद्धत असताना, त्याने तुमचे यंत्र का घ्यावे? माझ्या भागीदाराने उत्तर दिले की ती पद्धत चांगलीच आहे, आम्ही स्वतः ती वापरतो, पण पहाटेच्या अंधारात दहा गाईंच्या चाळीस सडांची ती तपासणी रोज कोणी करत नाही. प्रतिस्पर्धी पद्धतीची खोटी निंदा केली नाही याचा उपयोग झाला असे मला वाटते. बसून केलेल्या तयारीपेक्षा त्याने गोठ्यांवर घालवलेली वर्षे त्या दिवशी कामाला आली.

मार्च 2022 मध्ये निवडीचा ईमेल आला. मागितले होते 48 लाख 60 हजार, मंजूर झाले 43 लाख. प्रवासाची आणि बाहेरून करून घ्यायच्या चाचण्यांची तरतूद कमी झाली होती. त्या संध्याकाळी आम्ही आनंदात होतो आणि पुढच्या महिन्यात पैसे येतील असे गृहीत धरून एका तरुणाला नोकरीचे पत्रही देऊन बसलो. ही चूक कोणी करू नये. निवड आणि पहिला हप्ता यांच्यामध्ये कागदपत्रांची छाननी, प्रत्यक्ष पाहणी आणि करारनामा असतो आणि आम्हाला त्यासाठी चार महिने लागले.

या चार महिन्यांतला मोठा वेळ दोन गोष्टींनी घेतला. कंपनीचे किमान 51 टक्के भागभांडवल भारतीय नागरिकांकडे असावे लागते आणि त्याचा पुरावा म्हणून भागधारकांच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या गेल्या. माझ्या भागीदाराच्या पासपोर्टची मुदत 2019 मध्येच संपली होती आणि नूतनीकरणात पाच आठवडे गेले. अर्ज करण्याचा विचार पक्का झाला की त्याच आठवड्यात सगळ्यांचे पासपोर्ट पाहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट बँकेची. अनुदानासाठी स्वतंत्र ‘नो-लिअन’ खाते लागते, म्हणजे असे खाते ज्यातील पैशांवर बँकेला आपल्या इतर कोणत्याही कर्जासाठी हक्क सांगता येत नाही, आणि तसे बँकेने लेखी द्यावे लागते. आमच्या शाखेत हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. मी तीनदा गेले. पहिल्या वेळी मला एस्क्रो खात्याचा फॉर्म देण्यात आला, दुसऱ्या वेळी ‘मुख्य कार्यालयाला विचारतो’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी मी करारनाम्यातील ते कलम छापून, त्याखाली पत्राचा मसुदा स्वतः तयार करून नेला. व्यवस्थापक साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, म्हणजे साधे चालू खातेच, पण आम्ही त्यातून काही कापायचे नाही, एवढेच ना?’’ मी हो म्हटले आणि वीस मिनिटांत सहीशिक्क्याचे पत्र हातात पडले. कोणत्याही कार्यालयात मसुदा आपण तयार करून न्यावा, हे मी त्या दिवसापासून पाळत आले आहे.

19 जुलै 2022 रोजी पहिला हप्ता जमा झाला. त्याच दिवशी आमच्या सीएंनी तीन गोष्टी बजावल्या. अनुदानाच्या खात्यातून कंपनीचा दुसरा कोणताही खर्च, अगदी चहाचाही, करायचा नाही. प्रत्येक बिलावर प्रकल्पाचे नाव आणि खर्चाचे शीर्षक लिहून ठेवायचे. आणि ज्या खरेदीच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, कंपनी घेणार आहे, ती कराची रक्कम अनुदानाच्या खर्चात दाखवायची नाही, नाहीतर एकच रुपया दोनदा घेतल्यासारखे होते. पहिल्या दोन महिन्यांत हे जाचक वाटले. नंतर त्यामुळेच हिशेब एका दिवसात निघू लागले.

यंत्राचे सहा नमुने बनवण्याचा पहिला टप्पा चिपच्या टंचाईमुळे रखडला. आम्ही निवडलेला मायक्रोकंट्रोलर मिळायला वितरक वर्षभराचा काळ सांगत होते. तो बदलला आणि सर्किट नव्याने मांडले. ते आटोक्यातले होते. जे आटोक्याबाहेर गेले ते गोठ्यावर.

सप्टेंबर 2022च्या पहिल्या आठवड्यात आम्ही अकोले तालुक्यातील तीन गोठ्यांवर नमुने घ्यायला सुरुवात केली. पहाटे साडेचारला पोहोचायचे, कास धुऊन पुसून होईपर्यंत यंत्र तापमानाला जुळवून घ्यायचे, प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा वेगळ्या खणात घ्यायच्या आणि त्याच वेळी बाटलीत प्रयोगशाळेसाठी नमुना भरायचा. तापमान एका अंशाने बदलले तरी वाहकता साधारण 2 टक्क्यांनी बदलते, म्हणून गाईला ताटकळत न ठेवता हे सगळे दोन मिनिटांत बसवावे लागे. आम्हाला ते जमायला लागले आणि त्याच सुमारास लंपी आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात आढळलेला हा चर्मरोग झपाट्याने पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली, लसीकरण सुरू झाले. एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर जाणारी आमच्यासारखी माणसे कोणालाच नको होती आणि ते अगदी रास्त होते. 21 सप्टेंबरला आम्ही स्वतःहून थांबलो. माझा भागीदार पुढचे दोन महिने यंत्र बाजूला ठेवून लस टोचत फिरत होता.

काम जानेवारी 2023 मध्ये पुन्हा सुरू करता येणार होते, पण करारनाम्यात ‘सलग तीन महिने’ असे होते. सप्टेंबरचे अडीच आठवडे आणि जानेवारीचे पुढचे महिने जोडून चालतील का, असे आम्ही विचारले. प्रकल्पाची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी सौम्यपणे पण स्पष्ट सांगितले की तुमच्या टप्प्यात सलग लिहिलेले आहे, तेव्हा एकतर सलग करा किंवा टप्पा बदलून मागा. टप्पा बदलला तर आमच्या निष्कर्षाचाच पाया ढिला होणार होता. आम्ही सलग करायचे ठरवले आणि जादा पैसे न मागता चार महिन्यांची मुदतवाढ मागितली. पत्र ऑक्टोबरमध्येच दिले होते, सोबत जिल्हा प्रशासनाच्या आदेशांच्या प्रती जोडल्या होत्या. मंजुरी फेब्रुवारी 2023 मध्ये आली. अडचण आली की लगेच लिहावे. मुदत संपत आल्यावर लिहिलेले पत्र सबबीसारखे वाटते, आणि आदेशाची प्रत जोडलेली असली की कोणाला आपल्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

जानेवारी ते एप्रिल या काळात 162 गाईंचे काम पुरे झाले. पण दुसरा हप्ता या टप्प्याला बांधलेला होता. अहवाल, त्याची तपासणी, खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हे सगळे पार पडून तो जुलै 2023 मध्ये आला, म्हणजे आम्ही धरलेल्या तारखेच्या सहा महिने उशिरा. या सहा महिन्यांविषयी लिहिताना मला आजही जड जाते. दोन सहकाऱ्यांचे पगार, प्रयोगशाळेची बिले, इन्क्युबेटरमधल्या, म्हणजे नवउद्योगांना जागा देणाऱ्या केंद्रातल्या, जागेचे भाडे हे थांबत नव्हते. मार्चमध्ये वडिलांनी मला न विचारता त्यांची 6 लाखांची मुदत ठेव मोडली आणि धनादेश टेबलावर ठेवला. मी आणि माझ्या भागीदाराने पाच महिने स्वतःचे मानधन घेतले नाही. वडिलांची रक्कम आम्ही कंपनीच्या वहीत रीतसर कर्ज म्हणून दाखवली आणि त्यातून झालेला प्रकल्पाचा प्रत्येक खर्च मंजूर शीर्षकाखाली नोंदवला. त्यामुळे हप्ता आल्यावर तो खर्च मान्य झाला आणि पैसे त्यांना परत देता आले. ज्यांच्याकडे मोडायला ठेव नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न मला सतावतो. हप्त्यांमधले हे अंतर लहान उद्योगांना फार महागात पडते आणि या योजनेत सुधारणा व्हावी असे मला सगळ्यात जास्त कुठे वाटत असेल तर इथे. तोवर अर्ज करताना किमान सहा महिन्यांच्या पगाराची सोय कुठून होईल हे कागदावर मांडून पाहावे आणि पहिला मोठा हप्ता अशा टप्प्याला बांधावा जो ऋतू, रोगराई किंवा तिसऱ्या माणसाच्या परवानगीवर अवलंबून नाही.

निकालाविषयी सांगायचे तर एका मिलिलिटरमध्ये 2 लाखांहून अधिक दैहिक पेशी असलेल्या सडांपैकी बहुतेक आमच्या यंत्राने ओळखले, पण नुकत्याच व्यालेल्या गाईंमध्ये त्याने बरेच खोटे इशारे दिले. हे आम्ही अहवालात तसेच लिहिले. जुन्या अर्जातला 90 टक्क्यांचा आकडा राहिला असता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मनात आला. शेवटचा टप्पा, व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांसाठी वेगळी मोजपट्टी ठरवण्याचा, मे 2024 मध्ये पुरा झाला.

समाप्तीला आणखी पाच महिने लागले. अंतिम अहवाल, सीएंनी प्रमाणित केलेले विवरण, खरेदी केलेल्या उपकरणांची यादी आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागले. अनुदानाच्या खात्यावर मिळालेले व्याज आपले नसते, सरकारी वित्तीय नियमांनुसार ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. आमचे व्याज 27 हजार 318 रुपये झाले. सप्टेंबरमध्ये ते भारतकोश संकेतस्थळावरून भरले आणि पावती जोडली. ही रक्कम दर तिमाहीला वेगळी मांडून ठेवली नव्हती म्हणून शेवटी दोन वर्षांची विवरणपत्रे उलगडत बसावे लागले, तेवढे टाळता येण्यासारखे होते. समाप्तीपत्रानंतर शेवटची राहिलेली रक्कम आली आणि नोव्हेंबरमध्ये ते खाते बंद केले.

त्याच महिन्यात आम्ही अकोले तालुक्यातल्या त्या गोठ्यांवर गेलो. प्रकल्पाची मुदत संपलेली होती, त्यामुळे हा प्रवास स्वतःच्या खर्चाने. प्रत्येक गोठ्याला त्यांच्या गाईंच्या नोंदी छापून द्यायच्या, असे आम्ही सुरुवातीला कबूल केले होते. पहिल्या गोठ्याच्या काकूंनी चष्मा लावून एका गाईचे पान काढले, मागच्या डाव्या सडाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि ते फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत खाली सरकवत नेले. ‘‘हे मला धारेला बसल्यावर हाताला कळत होते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कधीपासून ते सांगता येत नव्हते.’’ मग त्यांनी कालवडीसाठी एक कोरे पान मागितले.